शेती आणि उद्योग बदलून टाकणारे शोध कोणते? त्यात आपल्या माणसांचा एखादा तरी आहे का?

वाफेचं इंजिन, विजेची मोटर, ट्रॅक्टर ही यादी कुठंही मिळेल. प्रश्नाचा दुसरा भाग वाचला म्हणून लिहायला बसलो. हेच आमचे दाजी जत्रेला बेळगावजवळच्या येळ्ळूरला आले की विचारतात. ते पुण्यात मोठ्या कंपनीत डिझाइनला, मी बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, मोल्डिंगला, वाळूचे साचे करायला.

मागं जेवणं झाल्यावर म्हणाले, "किर्लोस्करांनी कसला शोध लावला? विलायती नांगराची नक्कल ती." मी माळ्यावरनं आजोबांच्या लोखंडी नांगराचा झिजका फाळ काढून समोर ठेवला. "ह्याला नक्कल म्हणायलासा काय दाजी?"

अमेरिकेत जॉन डिअरनं पोलादी नांगर 1837 लाच केला, मान्य. आमच्या रानात त्याचा काय उपयोग झाला? लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात सायकलचं दुकान चालवत कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीत विष भिनतं असा तेव्हा समज, त्यामुळं पहिले नांगर दोन वर्षं पडून राहिले. तरी माणूस हटला नाही. लाकडी नांगर माती वरवर खरवडतो. लोखंडी नांगर ती पलटी करतो, हरळी-कुंद्यासारख्या तणाची मुळी उन्हाला येऊन वाळते. फाळ बोल्टवर, झिजला की तेवढाच बदलायचा. ओतीव फाळाचं टोक कडक व्हावं म्हणून साच्यात त्या जागी वाळूऐवजी लोखंडाचा ठोकळा बसवतात, वितळलेल्या लोखंडाचा रस तिथं झटक्यात गोठतो. आम्ही त्याला चिल म्हणतो. दाजींना ते माहीतच नव्हतं.

पुढं बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला लावली, औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि 1910 ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावनं हातचा कारखाना घालवला, असंच मी म्हणतो.

पेरणीयंत्राचं श्रेय पुस्तकं 1701 च्या जेथ्रो टलला देतात. चाड्यात, म्हणजे बी टाकायच्या वाटीत, मूठ धरून नळ्यांतनं बी सोडणारी कुरी आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिच्यावर कुणाचं नाव नाही एवढंच.

आता खरं सांगायचं तर जगाचं पोट बघितलं की नांगर लहान पडतो. हवेतल्या नत्रापासून अमोनिया हाबरनं 1909 ला करून दाखवला, बॉशनं 1913 ला तो कारखान्यात आणला. युरियाची पोती तिथनं आली. आणि खोल नांगरट सगळीकडं चालत नाही. भात काढून ओलीवर मसूर पेरायची तर उलट ओल उडते.

तुम्ही इंजिनिअरिंग शिकत असाल तर डिझाइनच्या खुर्चीत बसण्याआधी सहा महिने फौंड्रीत काढा. आतला कोपरा टोकदार काढला की धातू निवताना तिथंच चीर पडते, गोलाई द्यावी लागते. दाजींच्या ऑफिसातनं अजून तसलीच ड्रॉइंगं येतात, आणि ती सुधारतो आमचा पॅटर्नवाला, साच्यासाठी नमुना घडवणारा.