स्वानियांची तिकिटं घ्या, पण मुलीच्या शिक्षणाच्या पैशातून नको

तुमच्या पत्राचा मथितार्थ असा: तुम्ही दोघं स्वीडनमध्ये गोथेनबर्गला नोकरी करता, तीन वर्षांत पुण्याला परतायचा बेत आहे, मुलगी नऊ वर्षांची. ओळखीतले एक वृद्ध संग्राहक गेले आणि त्यांच्या घरचे लोक नामवंत कोरीवकाम कलाकार चेस्वाव स्वानिया यांनी कोरलेल्या टपाल तिकिटांचा सगळा संग्रह 60,000 क्रोनांना देऊ करताहेत. त्यात सातशेच्या आसपास न वापरलेली तिकिटं आणि स्वाक्षरी असलेली सहा डाय प्रूफ, म्हणजे कोरलेल्या साच्यावरून काढलेल्या चाचणीच्या छापा, आहेत. मुलीच्या शिक्षणाच्या रकमेतून ती घ्यावीत आणि नऊ वर्षांनी विकून फी भरावी, असं तुमच्या मनात आहे.

तुमचा जीव या तिकिटांत का गुंतला, ते मला समजतं. 1921 मध्ये पोलंडमध्ये जन्मलेले स्वानिया 1956 मध्ये स्वीडनला आले आणि 2005 मध्ये वारले तोवर त्यांनी हजारावर तिकिटं कोरली होती. पोलादावर, तिकिटाएवढ्याच आकारात, तेही उलटं. डोळ्याखालची सावली म्हणजे बारीक रेघा आणि ठिपके, बाकी काही नाही. एक रेघ जास्त खोल गेली की चेहरा बिघडला. 2000 मध्ये त्यांचं हजारावं तिकीट आलं, ते जुने स्वीडिश चित्रकार एरेनस्ट्राल यांच्या एका भव्य चित्रावरून केलेलं. भिंग घेऊन त्यासमोर बसलं की वेळ कसा जातो कळत नाही.

पण किंमत कौशल्यावर ठरत नाही, दुर्मिळतेवर ठरते. आपलंच उदाहरण बघा. 1948 च्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटावर सरकारी वापरासाठी ‘सर्व्हिस’ अशी अक्षरं छापलेली मोजकी शंभर तिकिटं निघाली. त्यातल्या चारांची पट्टी 2017 मध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. ते तिकीट कोरीवकामाचं नव्हतंच, स्वित्झर्लंडमध्ये फोटोग्राव्ह्युअरनं, म्हणजे फोटोवरून साचा बनवून, छापलेलं होतं. याउलट स्वानियांची बहुतेक तिकिटं टपालासाठी भरपूर छापली गेली, आणि त्यांचं नाव हयातीतच मोठं झाल्यानं हौशी लोकांनी ती जपूनही ठेवली. म्हणजे तुमच्या सातशे तिकिटांतली बरीचशी आजही सहज मिळतील.

आता हिशेब. लिलावात विकणाऱ्याकडून 20 टक्के दलाली गेली असं धरा. मग नुसते 60,000 हातात पडायलाही बोली 75,000 वर जायला हवी. हेच पैसे वर्षाला 6 टक्क्यांनी वाढले असते तर नऊ वर्षांत साधारण 1,01,000 झाले असते. तेवढे हाती यायला बोली सव्वा लाखापुढे लागेल, तीही फी भरायच्याच महिन्यात. तिकिटं व्याज देत नाहीत आणि घाईत विकायला काढली की घेणारा ते लगेच ओळखतो. माझ्या एका ग्राहक बाईंच्या यजमानांनी अकरा अल्बम मागे ठेवले होते. व्यापाऱ्यानं खरी किंमत दिली ती एका पातळ पाकिटातल्या तिकिटांची. उरलेल्या अल्बमांना त्यानं दिलेला भाव ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

म्हणून शिक्षणाच्या पैशाला हात लावू नका, हे माझं स्पष्ट मत. पण हौसेला मोल नसतं, हेही मी मानतो. दर महिन्याला तुमच्याकडे 9,000 क्रोना शिल्लक राहतात असं तुम्ही लिहिलंय. दोन महिन्यांची शिल्लक, म्हणजे 18,000, ही तुमची मर्यादा समजा. त्यात सहा प्रूफ तेवढी मागा. साच्यावरून थेट काढलेली ही छाप टपालखिडकीवर कधी विकली जात नाही, त्यामुळे संग्रहात खरं वजन असेल तर तिथेच. मात्र पेन्सिलची सही कोणीही नंतर करू शकतो. खरेदीची जुनी पावती मागा आणि तिऱ्हाईत जाणकाराकडून तपासून घ्या. व्यापारीच तपासणारा आणि विकत घेणाराही असेल तर ते मत धरू नका.

पुण्याला आणणार असाल तर पावसाळ्याची तयारी हवी. दमटपणानं मागचा डिंक पिवळा पडतो, तिकिटं एकमेकांना चिकटतात. साधी प्लास्टिकची पाकिटं नकोत, संग्राहकांसाठी मिळणारी घ्या. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ती वेळच्या वेळी बदला.

घरच्यांना या आठवड्यातच विचारा, प्रूफ वेगळी देता का. नाही म्हणाले तर अल्बम राहू द्या. पण एक दुपार मुलीला घेऊन त्यांच्याकडे जा आणि भिंगाखाली ते हजारावं तिकीट तिला नीट बघू द्या.