हॉरॉक्स उपकरण पाठ असलेली मुलं विहिरीवर का अडतात?

तुम्ही विचारलंय की पीएसएमच्या (वैद्यकीय शिक्षणातला सामाजिक आरोग्याचा विषय) प्रॅक्टिकलला हॉरॉक्स, म्हणजे पाणी शुद्ध करायला किती ब्लीचिंग पावडर लागेल हे ठरवणारी कपांची चाचणी, घडाघडा सांगणारी मुलं विहिरीच्या काठावर गोंधळतात, तर शिकवताना काय बदलावं. मी आधी पाणी बदलेन. कॉलेजच्या नळाला बहुधा क्लोरिन असतोच. पहिलाच कप निळा होतो आणि चाचणी कशासाठी, ते कळतच नाही. पाणी विहिरीचंच हवं आणि टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरही ग्रामपंचायतीच्या त्याच पोत्यातली, जी पुढे विहिरीत पडणार आहे.

सुरुवात मोजमापापासून करा. दोर सोडून पाण्याची खोली घ्यायची, विहिरीची नव्हे. इथे फार गफलत होते. व्यास 3 मीटर, पाणी 4 मीटर असेल तर 3.14 × 3 × 3 × 4 ÷ 4 × 1000, म्हणजे 28,260 लिटर.

मग काळ्या कपात एक सपाट चमचा, म्हणजे 2 ग्रॅम पावडर. थोड्या पाण्यात कालवून खुणेपर्यंत पाणी घाला, ढवळा, निवळू द्या. वरच्या निवळीचे 1 ते 6 थेंब विहिरीचं पाणी भरलेल्या सहा पांढऱ्या कपांत, पहिल्यात एक, दुसऱ्यात दोन असे. पिपेट उभीच धरा, तिरकी झाली की थेंब लहानमोठा पडतो. प्रत्येक कपाला वेगळी कांडी. आणि अर्धा तास पूर्ण थांबा: घाई केली तर पाण्यातली घाण क्लोरिन खाऊन संपवण्याआधीच आपण निळा रंग बघतो आणि मात्रा कमी धरतो. स्टार्च-आयोडाइडचे 3 थेंब टाकल्यावर स्पष्ट निळा झालेला पहिला कप तिसरा असेल, तर 455 लिटरला तीन चमचे, म्हणजे 6 ग्रॅम. आपल्या विहिरीला सुमारे 373 ग्रॅम.

आता मुलांना पाठ असलेल्या ‘1000 लिटरला 2.5 ग्रॅम’ने हिशेब करायला लावा. जेमतेम 71 ग्रॅम येतात! या फरकावर तासभर गेला तरी चालेल. तो आकडा उत्तम पावडर आणि स्वच्छ पाणी गृहीत धरतो. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के उपलब्ध (म्हणजे जंतू मारायला कामी येणारा) क्लोरिन असतो. तोंड उघडं राहिलेल्या पोत्यात ओल, उजेड आणि हवेने तो घटत जातो. कप हे सगळं आपोआप धरतात, पण पावडर त्याच पोत्यातली असेल तरच.

विहिरीत टाकण्याआधी पावडर बादलीतल्या पाण्यात कालवून निवळू द्यायची; एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे इथे चार बादल्या. खाली बसलेला चुना फेकून द्यायचा. तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं. निवळीची बादली पाण्याखाली सोडून जोरात हलवायची. तासाभराने ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडिन टाकून पिवळ्या रंगावरून क्लोरिन मोजणं): मुक्त क्लोरिन लिटरला 0.5 मिलिग्रॅम हवा, आणि पिवळा रंग 10 सेकंदांच्या आत वाचायचा. उशीर झाला की संयुक्त (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला) क्लोरिनही त्यात मिसळून दिसतो.