नाशिकहून जर्मनीत बास्केटबॉल कोचिंगला यायचं म्हणतोस तर

दोन ओळींत उत्तर देणार होते, पण तुझ्या प्रश्नाने जरा ढवळून काढलं. बायकोला म्युनिकला आयटीत नोकरी मिळतेय, तू राज्याकडून खेळलायस, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) कोचिंग डिप्लोमा आहे, गंगापूर रोडला शाळेच्या बॅचेस घेतोस. ‘ताई, तिथे कोचिंग किंवा स्काउटिंगमध्ये जम बसेल का? आणि आठ वर्षांच्या मुलाचं काय?’

व्हिसाचं सांगत बसत नाही. ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा इथला कामाचा परवाना) असणाऱ्याच्या जोडीदाराला कामाची मुभा असते हे तू वाचलं असशीलच. तीच तुझी वाट. कोच म्हणून स्वतंत्र परवाना मागायला गेलास तर पगाराची अट इतकी वर आहे की खालच्या लीगमधल्या क्लबला ती झेपणार नाही.

कागदांचं मात्र सांगते, कारण माझं डोकं अजून तडकतं. नाशिकमधला कुठलाही एजंट म्हणेल, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मारायचा सरकारी शिक्का) करून टाका. पैसे घालवू नकोस. त्याचा आंतरराष्ट्रीय करार भारताला 2005 मध्ये लागू झाला, पण जर्मनीने हरकत घेतली, त्यामुळे आपलं अपोस्टिल इथे चालत नाही. गरज पडली तर वकिलातीमार्फत कागदाची पडताळणी होते, आणि ती रखडते. त्यात तू पुरुष, सुटलास. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर आधी आडनाव, मग मी, मग वडील. नॅशनल्सची सगळी प्रमाणपत्रं त्याच नावाची. लग्नानंतर पासपोर्टवर वडिलांच्या जागी नवरा आला, आडनाव सासरचं. इथल्या एका कचेरीतल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे विचारलं, ‘या दुसऱ्या बाई तुमच्या कोण?’ राजपत्राचं भाषांतर मिळेपर्यंत माझी सगळी मेडल्स त्या दुसऱ्या बाईंची होती.

आता कोचिंग. मी रेल्वेत क्रीडा कोट्यातून लागले, पगार खेळण्याचाच, म्हणजे प्रोफेशनलच. इथल्या क्लबमध्ये हे सांगितल्यावर त्यांनी मनापासून कौतुक केलं आणि दहा वर्षांखालच्या मुलांची बॅच हातात दिली. एनआयएसला कुणी नावं ठेवत नाही, फक्त विचारत नाही. डी लायसन्सपासून सुरुवात, मग सी, बी, ए. लहान मुलांसोबत काम म्हणून पोलिसांचा खास दाखला. मानधनाचं म्हणशील तर 2021 पासून वर्षाला 3000 युरोपर्यंत ते करमुक्त झालं, 2026 पासून 3300 पर्यंत, आणि बरेच क्लब कोचला त्या आकड्याच्या आतच बसवतात. त्यावर घर चालत नाही. घर बायको चालवेल, हे दोघांनी आधी बोलून घ्या. आमच्याकडे ते न बोलताच ठरलं होतं.

त्या पैशांत हॉलची किल्ली सांभाळायची, जर्सी धुवायच्या, मॅचला पोरांना आपल्या गाडीतून न्यायचं. नाशिकला आपण सिमेंटवर खेळून बॉल गुळगुळीत करायचो. इथे गावागावात लाकडी फ्लोअर, पण त्यावर हँडबॉल, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन सगळ्यांच्या रेघा, आणि बाहेरचे बूट घालून पाऊल टाकलंस तर हॉलचा केअरटेकर सगळ्यांसमोर झापतो.

स्काउटिंग ऐकायला भारी वाटतं. मी राहते त्या वुर्झबर्गकडे प्रत्येक जण डर्क नोविट्झ्कीची गोष्ट सांगतो: होल्गर गेश्विंडनर, स्वतः 1972 च्या ऑलिंपिकला जर्मनीकडून खेळलेला माणूस, त्याला श्वाइनफुर्टच्या हॉलमध्ये हा उंच, किडकिडीत पोरगा दिसला आणि 1998 मध्ये पोरगा एनबीएसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगसाठी, निवडला गेला. अशी नजर असणारे थोडेच. माझ्यासारख्यांचं काम म्हणजे शनिवार-रविवार थंड बाकांवर बसून सोळा वर्षांखालच्या लीगसाठी तेरा-चौदा वर्षांची मुलं बघणं. बास्केट कोण करतं ते स्कोअरशीट सांगतं. मी बघते पाय, हातात बॉल नसतानाची हालचाल, आणि बॉल गमावल्यावर पोरगा कुठे बघतो. डिफेन्सला पळाला तर नाव लिहिते. गॅलरीत बापाकडे बघितलं तर थांबते. जन्मतारीख आधी बघ, जानेवारीचा पोरगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो आणि सगळ्यांना तोच हुशार वाटतो.

आणि इथेच माझं घोडं अडतं. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक आणि वुर्झबर्ग ज्या राज्यात आहेत तिथे, चौथीच्या मे महिन्यात मुलांना पुढची शाळा ठरवणारा एक कागद मिळतो. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासासारखा एक विषय, तिघांची सरासरी. 1 सर्वांत चांगला. गिम्नाझियमला, म्हणजे थेट विद्यापीठाच्या वाटेला, 2.33 लागतात. माझ्या लेकीला गणितात 2, बाकी दोन्हींत 3. सरासरी 2.66. एका विषयात एक ग्रेड वर असती तर झालं असतं. पहिलीपासून इथेच शिकली म्हणून भाषेची सवलत नाही. तीन दिवसांची चाचणी देता येत होती, तिने नाही म्हटलं. वर्गशिक्षिका गोड हसून म्हणाल्या, तिच्यासाठी हेच बरं. नंतर बदलता येतं असं सगळे सांगतात, आणि येतंही. दहा वर्षांच्या पोरीचं असं ठरवणाऱ्या त्या बाईंना मी मनातल्या मनात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्याच शनिवारी क्लबची ट्रायआउट, म्हणजे निवड चाचणी, होती. मी सात पोरांच्या आईबापांना गोड हसून सांगितलं, त्याच्यासाठी सध्या हेच बरं. त्यातली एक आई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मला चांगली ओळखीची होती. लेक आता खुशीत आहे, मैत्रिणी आहेत. चिडलेली मीच आहे. आणि काम सोडलेलं नाही, कारण ते मला आवडतं आणि जमतं.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. नोव्हेंबरात जास्त. पुढे.

तुझा मुलगा येईल तो तिसरीत बसेल, म्हणजे पुढच्याच इयत्तेत तो मे महिना. तो पहिलीपासून इथला नाही, त्याला भाषेची सवलत लागू होते का ते शाळेत पहिल्याच भेटीत विचार, आपणहून सांगत नाहीत. क्लबना उन्हाळ्यातच मेल टाक, सप्टेंबरपर्यंत थांबलास तर बॅचेस वाटून झालेल्या असतात. आणि जर्मन तिकडूनच शिकून ये. पोरं तुझ्या चुका हसून सुधारतील. पालक काही बोलणार नाहीत, मुलाला गुपचूप दुसऱ्या कोचकडे घालतील.