सासऱ्यांच्या गोळ्या कुटून नळीतून दिल्या तर चालतात का?

लकव्यानंतर सासऱ्यांना नाकातून नळी घातलीय, रोजच्या सगळ्या गोळ्या एकत्र कुटून पाण्यातून सोडल्या तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. कॅप्सूल फोडण्याचंही विचारलंय. सगळ्या कुटायच्या नसतात, आणि एकत्र तर एकही नाही.

आमचे दाजी हे वाचणार आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही खानापूर तालुक्यातले. आप्पांना बेळगावच्या इस्पितळातून घरी सोडलं ते नळीसकट. मी डी.फार्म., मेडिकलच्या काउंटरवर उभी राहणारी. पण औषधांचा ताबा दाजींकडे, कारण डिस्चार्जच्या दिवशी नर्सशी कन्नडात तेच बोलले. नर्सनं एका स्ट्रिपवर बोट ठेवून "पुडी माडी कोडरी" (पूड करून द्या) म्हटलं होतं, अक्का तिथंच होती. दाजींनी ते अख्ख्या पिशवीला लावलं. वेलदोड्याचा खलबत्ता घेतला आणि सकाळच्या गोळ्या एकदम कुटायला बसले. मी म्हटलं, दाजी, यातल्या तीन कुटायच्या नाहीत. तर म्हणाले, "पोटात गेल्यावर सगळं एकच होतंय की. तू दुकानात विकतीस, पेशंट आम्ही सांभाळतोय."

एकच होत नाही, दाजी. शुगरची मेटफॉर्मिन एसआर, म्हणजे हळूहळू सुटणारी होती. तिची पूड पाण्यात पडली की खळीसारखी चिकट होते. नळी तिनंच तुंबवली. ॲसिडिटीच्या पँटोप्राझोलच्या गोळीवरचं आवरण असतं ते पोटातल्या आम्लात औषध मरू नये, पुढं आतड्यात जाऊन सुटावं म्हणून. ते खलबत्त्यात फोडलं की बरंचसं औषध फुकट. आणि बीपीची निफेडिपिन रिटार्ड 20. बारा तास हळूहळू सुटायचं औषध एका दमात अंगात गेलं. तासाभरात आप्पा घामानं निथळले, हाक मारली तर ओ देईनात. गावातल्या डॉक्टरांनी बीपी बघितलं, वरचं 80. दाजींचं निदान काय, तर ऊन बाधलं! डॉक्टरांनी खलबत्ता मागवून बघितला आणि निफेडिपिन बंद करून साधी अम्लोडिपिन लिहून दिली, जी कुटून चालते. मेटफॉर्मिनही साधी, दिवसातून दोनदा विभागून. पँटोप्राझोलच्या जागी पाण्यात कालवायची पुडी आली. दाजी त्या वेळी अंगणात फोनवर होते.

तुमच्याकडच्या स्ट्रिपांवर नावापुढं एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एक्सएल, रिटार्ड, प्रोलाँग्ड-रिलीज किंवा गॅस्ट्रो-रेझिस्टंट यांतलं काही छापलंय का ते बघा. असेल तर ते औषध हळूहळू किंवा आतड्यात जाऊन सुटायचं असतं, खलबत्ता लांब ठेवा. मधली रेघ बघून फसू नका: मेटोप्रोलॉल एक्सएलसारखी गोळी रेघेवर अर्धी करता येते, पण कुटायची नाही. कॅप्सूलमध्ये बारीक दाणे निघाले तर तेही चुरायचे नाहीत, बारीक नळीत ते अडकतातही. ॲस्पिरिन पाण्यात विरघळणारी मिळते, ती मागा. बऱ्याच औषधांचं सिरपही असतं, पण कुणी विचारतच नाही.

ज्या कुटून चालतात त्याही एकेक वेगळी, अगदी बारीक करून. आधी आणि नंतर साधारण 30 मिली पाणी सोडायचं, दोन औषधांच्या मध्येही थोडं. पेजेत किंवा दुधात कालवून देऊ नका. फिटची फेनिटॉइन असेल तर नळीतल्या जेवणापासून किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा, जेवणाबरोबर ती नीट लागू पडत नाही. मेथोट्रेक्सेटसारखी (सांधेवाताची किंवा कॅन्सरची) गोळी घरात कुटायचीच नाही, तिची पूड कुटणाऱ्याच्या नाकातोंडात जाते.

मी डॉक्टर नव्हे. हे वाचून बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून ज्यांनी लिहून दिल्या त्यांच्यापुढं ओता आणि एकेक दाखवून विचारा. कन्नड येत नसेल तर तसं सांगा, सांगणारे दुसऱ्यांदा सांगतात. नळी काढल्यावरही पाणी पिताना ठसका लागत असेल तर तोंडानं गोळी देण्याची घाई करू नका, औषध फुप्फुसात जाईल. मोठ्या इस्पितळांत गिळणं तपासणारे स्पीच थेरपिस्ट असतात, त्यांना आधी दाखवा.