स्लॅक या ऑफिस चॅट अ‍ॅपमधल्या एआय बॉटला सांगून क्लाउड सांभाळता येतो का?
हो येतो, सर्व्हरची स्थिती बघणं, रीस्टार्ट करणं सगळं चॅटमधूनच जमतं, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचा म्हणजे एडब्ल्यूएसचा चॅटबॉट 2020 पासून आहे आणि 2025 मध्ये त्याचं नाव अ‍ॅमेझॉन क्यू डेव्हलपर झालं. पण खरा मुद्दा परवानग्यांचा आहे. चॅनेलला एकच आयएएम रोल (एडब्ल्यूएसमधला परवानग्यांचा संच) जोडला तर चॅनेलमधला प्रत्येक जण तोच रोल वापरतो, हे बरेच जण विसरतात, म्हणून सुरुवातीला फक्त वाचायची परवानगी द्या, अलार्म का वाजला, लॉगमध्ये काय आलंय एवढं विचारता आलं तरी रात्रीची बरीच धावपळ वाचते. डिलीट वगैरे गार्डरेल (परवानग्यांची कमाल मर्यादा) लावून बंदच ठेवा, एआय कधीकधी भलताच रिसोर्स (सर्व्हर, डेटाबेस वगैरे) उचलतो. बदल हवाच असेल तर बॉटकडून टेराफॉर्मची (क्लाउडची रचना कोडमध्ये लिहिण्याचं साधन) पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, बनवून घ्या, मर्ज म्हणजे तो बदल स्वीकारणं मात्र माणसानेच प्लॅन (नेमकं काय बदलणार याची यादी) वाचून करायचं.