डाळिंबाची कुंडी कुणाला दिलीत?

पत्र : माझा मुलगा 20 वर्षांचा आहे. बारावी सायन्स, 71 टक्के. नीट दोनदा दिली. पहिल्यांदा 312 आले, यंदा 298. तिसऱ्यांदा बसायला तयार नाही. मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघून म्हणतो, शहरातल्या बागा आणि मैदानं सांभाळायचं काम करायचंय, 'पार्क मॅनेजर' व्हायचंय. गच्चीवर त्याने 40 कुंड्या केल्या होत्या. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवायचा, त्यावरून आईशी भांडायचा. अभ्यासात लक्ष लागावं म्हणून दिवाळीनंतर मी सगळ्या कुंड्या लोकांना वाटून टाकल्या. डाळिंब तर कुंडीत फळाला आलं होतं. तेव्हापासून घरात फारसं बोलत नाही. माझे वडील गिरणीत होते, मी बँकेत आहे. मेव्हण्याचा मुलगा एमबीबीएसला आहे. मी रोज सकाळी संभाजी तलावावर फिरायला जातो, तिथल्या माळ्यांची अवस्था बघतो. उद्या नातेवाइकांना काय सांगू, मुलगा माळी झाला? त्याची समजूत पटेल असं चार ओळीत लिहावं. – एक पालक, जुळे सोलापूर

नमस्कार.

चार ओळीत भागणार नाही, आणि समजूत कुणाची काढायची यावर आपलं एकमत होईलसंही दिसत नाही.

312 आणि 298 वाचून मला काही वाटलं नाही. असे आकडे माझ्या टेबलावर रोज येतात. मी अडकले ती कुंड्यांच्या वाक्यापाशी. 40 कुंड्या वाटून टाकल्याचं तुम्ही असं लिहिलंय, जसं कुणी जुनी रद्दी दिल्याचं लिहावं. आणि लगेच पुढे, 'डाळिंब तर कुंडीत फळाला आलं होतं.' हे का लिहिलंत? अख्ख्या पत्रात मुलाचं कौतुक म्हणावं असं हे एकच वाक्य आहे, तेही चुकून निसटलेलं. सोलापूरच्या गच्चीवर, एप्रिल-मेच्या उन्हात, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात, डाळ-तांदळाच्या धुवणावर डाळिंब फळाला आणणं ही काय चीज आहे ते तुम्हाला कळतं. आपल्याकडे कोणाला कळत नाही? म्हणूनच ते निसटलं.

कुंड्या गेल्या दिवाळीनंतर, आणि त्यानंतरच्या परीक्षेत गुण 14 ने उतरले. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. पण ज्यासाठी कुंड्या गेल्या ते तर झालं नाही ना? मुलगा मात्र बोलेनासा झाला. तो तुमच्या पत्रातला सगळ्यात गंभीर भाग आहे आणि तो तुम्ही नीट आणि मेव्हणा यांच्या मध्ये एका ओळीत उरकलात. बहार धरण्याआधी डाळिंबाला ताण देतात, म्हणजे काही दिवस पाणी तोडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ताण किती दिवस द्यायचा आणि पाणी कधी सोडायचं याचा हिशेब बागायतदाराकडे असतो. तुम्ही दोन वर्षं नुसता ताणच दिलाय. तिसरी नीट नको. हे माझं मत नाही, सल्ला आहे, आणि त्यात घासाघीस नको.

रात्री झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, तर करिअरचा विषय महिनाभर बंद ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे घेऊन जा.

आता 'माळी'. हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलाय. तो राग मी गिळते. चांगला माळी मिळवायला आज किती फिरावं लागतं ते ज्याच्या बंगल्याला बाग आहे त्याला विचारा. पण उद्यान अधिकारी म्हणजे जरा मोठा माळी, हा समज मात्र काढून टाका. महापालिकेच्या उद्यान अधीक्षकाचा दिवस झाडांपेक्षा माणसांत आणि कागदांत जास्त जातो. ठेकेदाराचं बिल, निविदा, कारंज्याचा जळलेला पंप, झोपाळ्याची तुटायला आलेली साखळी. ती साखळी आज बदलली नाही तर उद्या कुणाचं पोर पडेल, आणि जबाबदारी याच्यावर. त्यात झाड तोडायचे अर्ज. एखाद्या दुकानाच्या पाटीआड कडुनिंब येतो, मालक लिहून देतो, 'झाड धोकादायक झाले आहे.' जागेवर जायचं, बुंध्याचा घेर मोजायचा, वय काढायचं. नागरी भागातल्या झाडांसाठी राज्याचा 1975 चा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष ठरवलं, आणि परवानगीने झाड तोडलं तरी त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायला सांगितली. म्हणजे वय 30 लिहिलं की 30 झाडं. आता तो दुकानदार वय किती लिहायला सांगेल, आणि कुणाचा फोन आणेल, हे बँकेत काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. तिथे ताठ उभा राहणारा माणूस लागतो. झाडावर प्रेम असणं ही त्यातली सर्वांत सोपी अट.

सोलापुरात तर हे काम आणखी अवघड, म्हणून मला जास्त रस. लोकांच्या घागरी रिकाम्या असताना बागेत पाइप सोडून हिरवळ भिजवत बसलं तर लोक दगड मारतील, आणि बरोबरच करतील. बोअर, सांडपाण्यावर प्रक्रिया केलेलं पाणी, ठिबक, हिरवळीचा हट्ट कुठे सोडायचा आणि सावली कुठे धरायची. डोकं इथे लागतं. तुमचा मुलगा बादलीवरून आईशी भांडत होता तेव्हा याच प्रश्नाशी भांडत होता. (त्याच्या आईला माझ्याकडून सांगा, स्वयंपाकघरात बादली आडवी येते हे मलाही मान्य आहे.)

आणि माणसं. संध्याकाळी सहाला पूर्व भागातल्या एखाद्या बागेत जाऊन बसा. तिथल्या घरांत एका खोलीत संसार, दुसऱ्या खोलीत माग किंवा विड्यांचं सूप. दिवसभर मान खाली घालून विड्या वळणाऱ्या बाईला पाय पसरून बसायला मोकळी जागा तेवढी एकच. तिथलं स्वच्छतागृह कुलपात असेल, कोपऱ्यातला दिवा गेलेला असेल, तर ती येत नाही. बाग कागदावर असते, तिच्यासाठी नसते. तुम्ही तलावावर माळ्यांची अवस्था बघता. कधी हेही बघा की तुमच्या आधी येऊन तो रस्ता कुणी झाडलाय. जलपर्णी वाढली की नाक मुरडणारे आपणच, आणि ती काढायचं काम करू पाहणाऱ्या पोराला नावं ठेवणारेही आपणच.

बंगळूरला गेला असाल तर तिथे एक झाड फुलून थांबतं तोवर दुसरं फुलतं, हे पाहिलं असेल. ते आपोआप घडलेलं नाही. क्रुम्बिगल नावाचा जर्मन उद्यानतज्ज्ञ आधी बडोद्याला गायकवाडांकडे होता, 1908 मध्ये तो बंगळूरला गेला, आणि कोणतं झाड कधी फुलतं ते बघून त्याने रस्ते लावले. नातेवाइकांना सांगायला नाव हवं असेल तर हे सांगा.

आता मुलासाठी. हा भाग त्याला वाचायला द्या.

अरे, तू व्हिडिओत पाहिलेली नोकरी आपल्याकडे जशीच्या तशी नाही. अमेरिकेतल्या शहरांत बागा, पोहण्याचे तलाव, मैदानं, सुट्टीतले वर्ग हे बहुतेक एका खात्याखाली असतं आणि त्यावर एक मॅनेजर. आपल्या महापालिकांत उद्यान वेगळं, क्रीडा वेगळं, प्राणिसंग्रहालय वेगळं. उद्यान अधीक्षक, उद्यान निरीक्षक, उद्यान सहायक ही पदं आहेत, पण मोजकी, आणि जाहिरात कधी निघेल त्याचा नेम नाही. त्या एका खुर्चीवर डोळा ठेवून बसलास तर नीटचीच गोष्ट पुन्हा होईल, फक्त परीक्षेचं नाव बदलेल. म्हणून पदवी अशी घे जिच्यातून चार वाटा फुटतात. बीएस्सी उद्यानविद्या किंवा कृषी, चार वर्षं, प्रवेश सीईटीतून. यंदाची सीईटी दिली असशील तर आत्ताच्या प्रवेशप्रक्रियेत उतर, नसेल तर पुढच्या वर्षीची दे. सोलापूर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतं. राज्यात दापोली, परभणी, अकोलाही आहेत. पुढे महापालिका, कृषी सेवेची एमपीएससी, पुण्यातल्या मोठ्या वसाहतींच्या आणि कंपन्यांच्या बागा, रोपवाटिका, स्वतःचा ठेका. डाळिंबात जीव असेल तर राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावलाच आहे, तिकडेही बघ. सुरुवातीचा पगार मामाच्या मुलाशी ताडून बघू नकोस, जुळणार नाही.

पण त्याआधी पंधरा दिवस रोज सकाळी सहाला एखाद्या सार्वजनिक बागेत जा. तिथल्या मुकादमाला विचारून हाताखाली काम कर. पालापाचोळा ओढ, प्लास्टिक वेच, फुटलेली पाइप धर, लोक अंगावर ओरडतात ते ऐक. सोळाव्या दिवशीही जावंसं वाटलं तर मला कळव. नाही वाटलं तरी कळव, त्यात कमीपणा नाही. कुंड्या आवडणं आणि शहराची बाग चालवणं या दोन गोष्टी आहेत, आणि तुला पहिलीच आवडत असेल तर रोपवाटिकेचा विचार करू.

पुन्हा तुमच्याकडे येते. पक्की नोकरी हवी असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण गिरणी आणि बँक एका ओळीत लिहिलीत त्यातून ते दिसतंच. गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हा तुमच्या वडिलांच्या वयाच्या माणसांनी काय काय कामं धरली ते तुम्ही या शहरात राहून पाहिलंय. तेव्हा कोणतं काम पक्कं हे छातीठोकपणे सांगायला मीही धजत नाही.

कुंड्या वाटल्यात त्यातल्या बऱ्याच आता परत मिळणार नाहीत. डाळिंबाची कुणाला दिलीत ते मात्र तुम्हाला नक्की आठवत असेल. मृगाचे दिवस आहेत, बहार धरायची वेळ गेलेली नाही. ती कुंडी परत आणा. मागायला संकोच वाटला तर बदल्यात दुसरं रोप द्या. पण मुलाला पाठवू नका, स्वतः जा, आणि जिना चढून गच्चीवरही तुम्हीच नेऊन ठेवा.