बॅकअप रोज सक्सेसफुल, टेपवर मात्र फक्त /ईटीसी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लिनक्स सर्व्हर, एलटीओ-५ टेप ड्राइव्ह, रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) टारने (फाइली एकत्र बांधून लिहिणारा प्रोग्राम) /डेव्ह/एसटी० या टेपच्या डिव्हाइसवर एकामागून एक तीन बॅकअप: डेटाबेसचा डंप, /होम म्हणजे वापरणाऱ्यांच्या फाइली, /ईटीसी म्हणजे सेटिंगच्या फाइली. लॉग स्वच्छ. रिस्टोअर करायला गेलात तर 'कॅनॉट अलोकेट मेमरी'. ड्राइव्ह गेला का, आणि बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरकडे वळावं का?

ड्राइव्ह गेलेला नाही. रॅमही कमी पडलेली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण याच मेसेजवर सर्व्हरला १६ जीबी रॅम वाढवून बसलेले लोक मी पाहिलेत. मेसेज होता तिथेच राहिला.

टेपवरचा ब्लॉक मोठा आणि टारने वाचायला धरलेला बफर छोटा, एवढाच त्याचा अर्थ. टारचा ब्लॉकिंग फॅक्टर, म्हणजे एका ब्लॉकमध्ये ५१२ बाइटचे किती तुकडे, तो मुळात २०, म्हणजे २० गुणिले ५१२, १०,२४० बाइट. वेग मिळावा म्हणून स्क्रिप्टमध्ये कोणीतरी -बी ५१२ (इंग्रजी लहान बी) घातलं असणार, म्हणजे २,६२,१४४ बाइटचे ब्लॉक. वाचताना तुम्ही ते दिलं नाहीत. व्हेरिएबल ब्लॉक मोडमध्ये, म्हणजे ब्लॉकचा आकार ठरलेला नसताना, ड्रायव्हर अर्धा ब्लॉक हातात देत नाही, एरर देतो. अंदाज बांधू नका, मोजा: एमटी या टेप हाताळायच्या कमांडने सेटबीएलके ० करून तो मोड लावा, टेप रिवाइंड करा, मग डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने /डेव्ह/एनएसटी० वरून (तीच ड्राइव्ह, पण आपोआप रिवाइंड न होणारं नाव) बीएस=१एम काउंट=१ असा एकच ब्लॉक एखाद्या फाइलीत घ्या. डीडी शेवटी जितके बाइट छापेल तोच ब्लॉकचा आकार. त्याला ५१२ ने भागा आणि येणारा आकडा टारला -बी म्हणून द्या.

आता खरं दुखणं. एरर गेली की टेपवर तुम्हाला फक्त /ईटीसी दिसेल.

एसटी० हे डिव्हाइस बंद झालं की टेप आपोआप सुरुवातीला जाते. पहिल्या टारने डंप लिहिला, टेप मागे गेली. दुसऱ्याने त्यावरच /होम लिहिलं, टेप पुन्हा मागे. तिसऱ्याने त्यावर /ईटीसी. तिन्ही टार शून्य एक्झिट कोड, म्हणजे 'काम नीट झालं', देऊन मोकळे, कारण लिहिणं खरोखरच झालं होतं. एका कचेरीत हे असंच कित्येक महिने चाललं होतं. ड्राइव्हचा हिरवा दिवा रात्रभर लुकलुकायचा, सकाळी मेल यायचा, टेपा तारखेची चिठ्ठी लावून कपाटात जायच्या. डेटाबेस बसला त्या दिवशी दीड टीबीच्या टेपेतून निघाली ती काही एमबीची /ईटीसी. पुढचा जुना डेटा फितीवर होता, पण शेवटच्या लिखाणानंतर 'डेटा इथे संपला' अशी खूण पडते आणि ड्राइव्ह त्यापलीकडे वाचत नाही. सर्व्हिसवाल्याने तरीही नव्या ड्राइव्हचं कोटेशन दिलं. चूक होती एका 'एन'ची: एनएसटी० ऐवजी एसटी०.

म्हणून स्क्रिप्टमध्ये एनएसटी० लिहा. त्याहून बरं /डेव्ह/टेप/बाय-आयडी मधलं, -एनएसटीने संपणारं नाव. रीबूटनंतर क्रमांक बदलला तरी ते बदलत नाही. तिसरा बॅकअप वाचायचा तर एमटीने रिवाइंड, एफएसएफ २ (दोन बॅकअप ओलांडून पुढे), मग एमटी स्टेटस. फाइल नंबर २ दिसला पाहिजे, मोजणी शून्यापासून असते. टारने एका बॅकअपची यादी वाचून लगेच पुढच्याची मागितली की बहुधा रिकामी येते. घाबरू नका, टार फाइलमार्कच्या, म्हणजे दोन बॅकअपांमधल्या खुणेच्या, अलीकडेच थांबलेलं असतं. एफएसएफ १ द्या.

टारचा आउटपुट एमबफरमधून (डेटा साठवून टेपला सलग देणारा प्रोग्राम) जात असेल तर स्क्रिप्टला सेट -ओ पाइपफेल हवंच. नाहीतर एक्झिट कोड येतो एमबफरचा, आणि मधे मेलेल्या टारवरही 'सक्सेस' छापलं जातं. एमबफर काढू मात्र नका. एलटीओ-५ सेकंदाला १४० एमबी गिळतो. डेटा फारच हळू आला तर टेप थांबते, मागे जाते, पुन्हा धावते. त्यात फीत आणि हेड दोन्ही झिजतात.

बॅक्युलाचं म्हणाल तर कॅटलॉग, म्हणजे कुठली फाइल कुठल्या टेपवर याची नोंद, हवा असेल, टेपा बऱ्याच असतील, तर जरूर घ्या. पण 'टार जुनाट, म्हणून बॅकअप गेला' असं म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. बॅक्युलालाही डिव्हाइस नॉन-रिवाइंडच द्यावं लागतं. त्याचा ब्लॉक मुळात ६४,५१२ बाइटचा, म्हणजे ब्लॉकच्या आकाराचा घोळ तिथेही आहेच. बीटेप या बॅक्युलाच्याच ड्राइव्ह तपासणाऱ्या प्रोग्रामची टेस्ट न चालवता त्याला कामाला लावणारा माणूस टारवरही हेच करत होता. सॉफ्टवेअर कुठलंही असो, आठवड्याला एक फाइल टेपवरून परत काढून मूळ फाइलशी ताडून बघायची. ते नसेल तर बॅकअप नाही, नुसती चिठ्ठी लावलेली प्लास्टिकची डबी आहे.

डीएमेसजीमध्ये, म्हणजे लिनक्स कर्नलच्या मेसेजांमध्ये, 'मीडियम एरर' दिसत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. क्लीनिंग कार्ट्रिज एकदा फिरवा, दुसरी टेप लावून बघा. दोन-तीन टेपांवर तेच आलं तरच ड्राइव्हवर संशय घ्या. 'डिव्हाइस बिझी' आलं तर कोणीतरी डिव्हाइस धरून बसलंय, ते कोण हे फ्यूजर -व्ही ही कमांड दाखवते. फ्रीबीएसडीवर हीच जोडी एसए० आणि एनएसए० अशी आहे.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: टेपला हात लावण्यापूर्वी कार्ट्रिजवरची राइट-प्रोटेक्टची खिट्टी सरकवा. एमटी स्टेटसमध्ये डब्ल्यूआर_प्रॉट दिसलं की मगच वाचायला घ्या. आजचा रात्रीचा क्रॉनही आत्ताच बंद करा.